मोठ्या शाळेचं बाकडं

दादा,

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तू लगेच फोन करशील आणि मलाच समजावत बसशील.

"छोट्या शाळेची टीम कधी जिंकत नसते, ओवीला मोठ्या शाळेत घाल," हे पुण्यात बसून तूच सांगितलंस. इथे प्रवेशासाठी शाळेच्या झोनमध्येच राहावं लागतं, म्हणून आम्ही पापाकुरातलं घर सोडून शहराच्या या भागात, माउंट वेलिंग्टनला आलो. इथे फुटबॉलला इतक्या मुली आहेत, की तुझी भाची सगळा सीझन बाकड्यावरच बसलीये.

काल मॅच होती तिच्या जुन्या शाळेशी. आम्ही हरलो. त्यांचा दुसरा गोल झाला तेव्हा ओवी बाकड्यावरून उठून नाचायलाच लागली. तिचा कोच माझ्याकडे बघत राहिला. मी काय सांगणार होते त्याला, डोंबल?

परतताना गाडीत मी वैतागून म्हटलं, "एवढीशी शाळा, जिंकली कशी?"

"आणि दे ओन्ली हॅड टेन प्लेयर्स, मम," ओवी म्हणाली.

दादा, त्यांची अकरावी खेळाडू माझ्या शेजारी बसली होती, न मळलेल्या जर्सीत.

आजवर तुझंच ऐकत आलेली,
इरावती