तीन महिन्यांचा सेल्स मॅनेजर

अदलिया, बहरीन
शनिवार, जेवणानंतर

आदरणीय सॅम्युअलदादास,

धाकट्या अँब्रोजचा आणि फ्लोरीचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा, वहिनीची शुगर आणि विहिरीचं पाणी, तिन्हींची खुशाली कळव. इथे आम्ही देवाच्या आणि एसीच्या कृपेने (हा क्रम फ्लोरीने लावलाय, माझा उलटा होता) ठीक आहोत.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. आपल्या ग्लेनिसच्या निहारचा बाप्तिस्मा काल झाला. तू विचारणार नाहीस हे ठाऊकच होतं. लग्नात तिने बँड आपल्या गावचा न आणता केल्विनच्या गावचा आणला, तेव्हापासून तीन वर्षं तुम्हा बहीणभावांचा अबोला आहे (त्यांचा कर्णा बेसूर होता, हे मी तेव्हाही तुझ्या बाजूने कबूल केलं होतं). पण बाप्तिस्मा होता होता राहणार होता, आणि तोही तुझ्या धाकट्या भावाच्या हुशारीमुळे, म्हणून हे लांबलचक पत्र.

तुला माहीतच आहे, ग्लेनिस आणि केल्विन पलीकडे सौदीत, खोबारला. तिथे चर्च नाही, म्हणून मिस्सा म्हणा, बाप्तिस्मा म्हणा, लोक समुद्रावरचा पूल ओलांडून आमच्याकडे येतात. पुलाच्या मध्यावर एक बेट आहे, तिथे दोन्ही देशांची कागदपत्रं बघतात. आता आखाताच्या या सहा देशांनी मिळून एक संघ केलाय, आणि त्याचं सुख काय सांगू! आमच्या ऑफिसातली खदिजाबाई इथली नागरिक. ती नुसतं ओळखपत्र दाखवून खोबारला पडदे बघायला जाते आणि न आवडले तर तशीच परत येते. आपण काही त्या घरचे नव्हे, पण त्यांच्या ताटातलं थोडं आपल्याही पानात पडतं. एका देशात नोकरी असली की दुसऱ्याचा व्हिसा घरबसल्या कॉम्प्युटरवर मिळतो. सौदीचं दूध, ओमानचे चिप्स आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात शेजारी शेजारी नांदतात. तसे रुसवेफुगवे तिथेही आहेत. सगळ्यांचं एकच नाणं करायचं कधीचं ठरलंय, ते अजून ठरतंच आहे. मध्यंतरी कतारशी बिनसलं, तेव्हा पाऊण तासावरच्या दोह्याला जायला लोक मस्कतवरून दिवसभराचा वळसा घालत होते. पुढे मिटलं, विमानं सुरू झाली, आणि आता कुणाला विचारलं तर भांडण नेमकं कशावरून होतं हे धड सांगता येत नाही. (हे मी सहज लिहिलं. तू मनाला लावून घेऊ नकोस.)

तर निहारच्या व्हिसाचा फॉर्म मी भरला. चौदा वर्षं मी या अदलियाच्या ऑफिसात लोकांचे फॉर्म भरतोय, तेव्हा भाच्याचा फॉर्म दुसऱ्याने भरावा हे शोभलं नसतं. आमच्याकडे एक नियम आहे, रकाना रिकामा ठेवायचा नाही. दुसराही एक आहे, तो कुठे लिहिलेला नाही. ज्याच्या कागदावर मॅनेजर असतं त्याला कुणी अडवत नाही. ‘व्यवसाय’ असा रकाना आला. तीन महिन्यांचं पोर, व्यवसाय काय लिहू? ‘काही नाही’ लिहिलं तर खानदानाची अब्रू जाते. मी ‘सेल्स मॅनेजर’ लिहिलं आणि चहा प्यायला गेलो.

काल शुक्रवारी सकाळी आम्ही केक घेऊन मनामाच्या चर्चमध्ये उभे, आणि पुलावरून केल्विनचा फोन. म्हणाला, ‘‘भाऊ, साहेब म्हणतो मॅनेजरला गाडीतून उतरव. उतरवला तर त्याने साहेबाच्या टेबलावर दूध ओकलं.’’ साहेब बिचारा हसून बेजार झाला, पण कॉम्प्युटर हसत नाही. आईचा आश्रित आणि कंपनीचा मॅनेजर एकाच अंगड्यात बसेना. फॉर्म ऑफिसच्याच कॉम्प्युटरवरून नव्याने भरायला हवा होता, ऑफिसला शुक्रवारची सुट्टी, आणि किल्ली खदिजाबाईकडे.

बाई घरच्या सपाता घालून आली. आधी माझ्याकडे बघितलं, मग फॉर्मकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ‘‘अँब्रोज, इसका बिजनेस कार्ड भी छापा क्या?’’ एवढंच म्हणाली, आणि फॉर्म स्वतः भरला. उत्तर यायला वेळ होता. तेवढ्यात कळलं, पुलावर बाळाचं दूध संपलंय. मला तो पूल ओलांडता येत नाही, माझ्याजवळ सौदीचा व्हिसा नव्हता. खदिजाबाईने वाटेत डबा घेतला, मला टोलनाक्यावर केकसकट उतरवलं, ‘‘यल्ला’’ (म्हणजे चला) म्हणाली आणि गेली. इथून बाहेर पडली, पलीकडे शिरली, तिथून गाडी वळवून परत आपल्या देशाच्या रांगेत लागली, जिथे निहार अडकला होता. एका दुधाच्या डब्यासाठी बाईने दोन देश पालथे घातले, दादा, नुसत्या ओळखपत्रावर! मला तर उन्हातही गहिवरून आलं.

मधल्या वेळात ग्लेनिसचा फोन. रडत होती. म्हणाली, परत जाते, केल्विनला उद्या ड्युटी आहे, पुन्हा सुट्टी कधी मिळेल माहीत नाही, आणि असं कोण आहे आमची वाट बघणारं? मी तिची समजूत काढली. ती थांबली.

अखेर नवा व्हिसा आला आणि साडेतीनला सगळे पोचले. चर्चमध्ये मल्याळी मिस्सा संपली होती आणि फिलिपिनो मिस्सा सुरू व्हायची होती. फादरनी घड्याळ बघितलं, मधली वीस मिनिटं आपल्याला दिली. मल्याळी मावश्या जाता जाता थांबल्या, फिलिपिनो गायकांनी तालमीतलंच एक गीत आपल्यासाठी म्हटलं, आणि खदिजाबाई शेवटच्या बाकावर बाळाची पिशवी सांभाळत बसली. निहारच्या कपाळावर पाणी पडलं, त्याने जांभई दिली. आपल्या घरचं एक माणूस नव्हतं म्हणून डोळे भरले होते, पण एवढी माणसं होती की ते पुसायला रुमाल तीन देशांचे पुढे आले. फार उपकार आहेत रे या लोकांचे आपल्यावर.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
अँब्रोज

ता. क. : ऑफिसात माझ्याकडे आता फक्त झेरॉक्सचं काम आहे. ‘तात्पुरतं’ असं खदिजाबाई म्हणते. हे गावात सांगू नकोस.

पुन्हा ता. क. : ग्लेनिसची समजूत कशी काढली ते लिहायचं राहिलं. मी तिला म्हटलं, अगं, दादाचा सकाळीच फोन होता, ‘पोरीला म्हणावं नाताळात बाळाला घेऊन घरी ये,’ असं म्हणाला. तिचं रडं थांबलं. मग विचारलं, ‘‘दादा? आपला दादा?’’ मी हो म्हटलं. आदल्या रविवारी पापांची कबुली देऊन आलो होतो, एकाची जागा होती. काल केक कापायच्या आधीच तिने तिकिटं काढली. वीस डिसेंबरला घरी पोचते. तिचा नंबर पाकिटामागे लिहिलाय. दादा, तिच्या फोनची वाट बघत बसू नकोस. तिच्या लेखी तू पहिला फोन कधीच केलायस.