हॉलमधला शेंबूड

५ नोव्हें., बुध.
चहा गाळायला घेतला तर गाळणीत तपकिरी शेंबूड. बाबांनी माशांच्या टाकीतली घाण हिनेच उपसली! सासरे म्हणून मी गप्प बसणार होते, राहवलं नाही.
'बाबा, ही चहाची गाळणी.'
'अगं, धुतलीय मी.'
धुतली म्हणे. शी.

७ नोव्हें.
रिटायर झाले आणि हौसेने हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आणली, दोन मासे सोडले. दोन महिने झाले. आता वाळू, दगड, काच, सगळ्यावर बुळबुळीत थर. त्याचे धागे लोंबतात, टोकाला बुडबुडे. लॅबमध्ये दिवसभर लोकांची शी-शू तपासते, काही वाटत नाही. हे बघवत नाही. टाकीकडे पाठ करून जेवते.
बाबांचं एकच, 'डायटम आहे, साधं तपकिरी शेवाळ. नव्या टाकीत होतंच, आपोआप जातं.' आणि दिवसाआड पाणी बदलतात.

१० नोव्हें.
शेवाळ खायला आणलेल्या तिन्ही गोगलगायी मेल्या. कुजल्या बोंबलासारखा वास. बाबांनी हातानेच उचलल्या, पेपरात गुंडाळल्या. मग परत पाणी बदललं.

११ नोव्हें.
न विचारता चमचाभर घाण बाटलीतून लॅबला नेली. काम आटोपल्यावर मायक्रोस्कोपखाली धरली. डायटम कसले! थेंबासारखे जीव, एका टोकाला बांधल्यागत गरागरा फिरतायत. शेकडो. स्लाइड तशीच सोडून उठले. नऊ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.
मोबाईलवर शोधलं. डायनोफ्लॅजलेट. विषारी असतात, गोगलगायी बहुतेक त्यानेच गेल्या. आणि पाणी फार स्वच्छ ठेवलं की जास्त माजतात.
बाबांना कसं सांगू.

१२ नोव्हें.
सांगितलं.
'म्हंजे मीच मारल्या.'
'तसं नाही बाबा...'
'तसंच हाय की.' चिडले की पिंपळगावची बोली येते. गच्चीवर जाऊन बसले.
तिन्हीसांजेला खाली आले. 'बोल, काय करायचं?'
पाणी बदलणं बंद. चार दिवस पूर्ण अंधार. दोघांनी मिळून टाकीवर गोधडी घातली. टाकीला हात लावताना अजूनही अंगावर काटा येतो.

१६ नोव्हें., रवि.
गोधडी काढली. वाळू पांढरी! दोन्ही मासे जिवंत, कोपऱ्यात चिकटून. बाबा लाइट लावायला धजेनात. मी लावला.

२२ नोव्हें., शनि.
मागच्या दगडाखाली तपकिरी डाग. नखाएवढा. धागे नाहीत, बुडबुडे नाहीत. अजून तरी.
बाबा वाकून बराच वेळ बघत होते. 'हे साधंच असेल ना गं?'
नुसत्या डोळ्यांनी कळत नाही म्हटलं.
उद्या रविवार. लॅब बंद.