भिंत पुरी होण्याआधी

बाभुळगाव,
८ नोव्हेंबर १९६४

शकूच्या बाबांना कांताचा नमस्कार.

इकडे शेतीचं ठीक आहे. सासूबाईंचा गुडघा थंडीनं धरला आहे, तरी कापसाच्या पहिल्या वेचणीला त्या बांधावर येऊन बसल्याच. शकूनं तुमचं कार्ड साऱ्या आळीला वाचून दाखवलं. "माझ्या बाबांच्या बंदराला सरकारनं पैसे दिले," असं सांगत होती, जसे काही तुमच्याच हाती दिले.

नवी भिंत, मोठे दिवे आणि पहारेकऱ्यांना शिक्षण! साहेबांपुढे उभं राहून तुम्ही म्हणालात, नुसती भिंत नको, माणसंही तयार करा; आणि त्यांनी ते ऐकलं. मला फार बरं वाटलं. आग कशी विझवायची, चोर दिसला तर एकट्यानं न धावता शिट्टी कशी द्यायची, सारं नीट शिका. शिट्टीचं विसरू नका. भिंत अर्धीच झाली आहे आणि उरलेल्या तारेच्या कुंपणावर तुमचाच पहारा असतो, असं लिहिलंत. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

दिवाळीला मारोती आला. उन्हाळ्यापासून माझा भाऊ तुमच्या खोलीवर राहून गोदीत हमाली करतो, म्हणून मी निर्धास्त होते. सोबत टेरिलीनच्या शर्टातला एक पाहुणा होता.

त्या पाहुण्याचं लिहायला बसले आणि कापसाचं लिहीत राहिले. आता लिहिते.

भाऊबीजेला दोघं ओसरीवर बसले होते. मी आत करंज्या तळत होते. पाहुणा म्हणाला, "भिंत पुरी झाली का आपला धंदा बसला. येत्या अवसेला माल काढाच लागते. पहाऱ्यावर तर तुहा भाऊजीच राह्यते."

"भाऊजी आयकनार नाही."

"त्या प्रेमसिंगनं तरी कुठं आयकलं?"

करंजी करपली तरी मला कळलं नाही. मी बाहेर आले. म्हटलं, "पाहुणे, शेवटची एसटी निघते. उठा."

तो हसत उठला. जाताना शकूकडे पाहून म्हणाला, "पोरगी शाळेत एकटीच जाते वाटते?"

दुसऱ्याच दिवशी शकूला आणि सासूबाईंना यवतमाळला मावशीकडे पोचवलं. मग मारोतीला समोर बसवलं. त्याच्या ताटातली भाकर तशीच होती.

"काहून रे, भाऊजीच्या डोक्यात पहार घालशीन?"

"नाही ताई. तुही आन."

"मंग प्रेमसिंगच्या वक्ती कोन होतं?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "म्या फक्त तारेची फट दाखवली. मारतीन असं म्हनले नव्हते. प्रेमसिंगचं ओरडनं आयकलं अन् पळालो."

तुमच्या जोडीच्या पहारेकरी प्रेमसिंगभाऊंचा चोरांच्या मारात डोळा गेला, दवाखान्यात तुम्ही त्यांना हातानं भरवता, असं तुम्ही लिहिलं होतं. त्यांच्यावर बेतलं तेव्हाच वरच्यांना जाग आली आणि पैसे मंजूर झाले. इकडे मी त्यांच्यासाठी देवापुढे दिवा लावला. आणि मारोती तेव्हा तुमच्याच शेजारी अंथरूण टाकत होता.

आई गेली तेव्हा तो रांगतही नव्हता. माझ्या कडेवर वाढला. वाटलं, त्याचं नाव लिहूच नये. अवसेला रजा घ्या, एवढंच कळवावं. पण तुमच्या जागी दुसरा कुणी उभा राहील. त्यालाही घरी कुणीतरी असेलच.

मी मारोतीला म्हटलं, "तू जाऊन सांग, नाही तर मी ठाण्यात जाते."

"मले जेल होईन, ताई."

"होईन," मी म्हटलं. मग आम्ही दोघंही रडलो.

हे पत्र तुमच्या हाती देणारा मारोतीच असेल. मी त्याला सारं वाचून दाखवलं आहे. एक शब्दही बदल म्हणाला नाही. उद्या धामणगावला मी स्वतः त्याला गाडीत बसवीन. तो मधेच उतरला तर म्हणून याचीच नक्कल टपालानं पाठवते आहे, हेही त्याला ठाऊक आहे.

हात उगारू नका. लांबून येतो आहे, आधी जेवू घाला. मग प्रेमसिंगभाऊंपुढे उभा करा आणि तिथून साहेबांकडे न्या. तो कोण लागतो असं साहेबांनी विचारलं, तर लपवू नका.

तुमची, आणि अजूनही त्याची ताई,
कांता