मला म्हणता येईल असं नाव

९ जानेवारी

प नको. ब नको. क आणि ग तर मुळीच नकोत. त चालेल, पण सकाळच्या वेळी नाही. म बेभरवशाचा — मनात आलं तर पळतो, नाहीतर आडमुठ्या घोड्यासारखा बसून राहतो.

बाळाच्या नावाचा शोध आजपासून सुरू. अट एकच — मला ते म्हणता आलं पाहिजे.

मी तोतरी आहे. इथे स्वच्छ लिहून टाकते, कारण घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच त्याबद्दल बोलत नाही. मीही नाही. कागदावर माझं काही अडत नाही. तोंडाने बोलताना वाटा काढाव्या लागतात. 'पाणी' अडलं की 'तहान लागलीय' म्हणते. 'किती वाजले' अडलं की समोरच्याच्या मनगटाकडे बघते. बटाटे मागता येईनात म्हणून कितीदा वांगी घेऊन घरी आलेय. नावाला मात्र दुसरा शब्द नसतो. तिथे पळवाटच नाही.

माझ्या स्वतःच्या नावाशी माझं कधी पटलं नाही. फोनवर कुणी विचारलं की मी गप्प. पलीकडून 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये' — आणि फोन बंद.

११ जानेवारी

पाय सुजलेत म्हणून कामावरून येताना चौकातल्या बागेत बाकावर टेकले. एक पोर चेंडूमागे धावत फाटकाबाहेर निघाली. पुढे वाहता रस्ता. तिची आई माझ्याच बाकावर होती. ती उठलीसुद्धा नाही. तिने नुसती हाक मारली. दोन अक्षरं. पोर जागच्या जागी थांबली.

बाई पुन्हा शेजारणीशी गप्पा मारायला लागली. तिच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच. तिच्या जागी मी असते तर? पहिलं अक्षर धरून बसले असते, आणि पोर रस्त्याच्या मध्यावर.

१५ जानेवारी

सासूबाईंनी नाव ठरवलं. मुलगीच होणार हे तर त्यांनी कधीच धरून टाकलंय. 'मला पोटाच्या आकारावरून कळतं. तुझा नवरा सोडला तर माझा अंदाज कधी चुकला नाही.'

नाव — प्रियंवदा. त्यांच्या थोरल्या बहिणीचं. आई गेल्यावर त्याच ताईने यांना वाढवलं. सांगताना सासूबाईंचा आवाज जरा हलला. नवरा म्हणाला, 'छान आहे की.' मग माझ्याकडे बघून, मी तोंड उघडायच्या आत, 'तिलाही आवडलंय.'

प्रियंवदा. म्हणजे गोड बोलणारी.

न्हाणीघरात नळ मोठा सोडून म्हणून पाहिलं. प् — प् — ओठ चिकटले ते चिकटलेच. बादली भरून वाहायला लागली. मी अजून पहिल्याच अक्षरावर.

१९ जानेवारी

कामावर नावांची परीक्षा घेतेय. आमच्याकडे कवळ्या बनतात. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर, वर आम्ही दोघी. प्लास्टरचे साचे, मेण, मग एकेक दात बसवायचा. बोलायचं काम नाही म्हणून मी ही नोकरी धरली. जन्मभर लोकांची तोंडं दुरुस्त करतेय!

पॉलिशची मोटर चालू असली की मी अडखळत नाही. स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला की जीभ मोकळी होते. का, ते देव जाणे. मोटरच्या घरघरीत आज मी सगळी नावं धडाधड म्हटली. प्रियंवदासुद्धा. मोटर बंद केली, पुन्हा म्हणायला गेले — फुस्स.

शेजारी बसते तिला आम्ही दाढ म्हणतो. कितीही घाई असो, जागची हलत नाही. तिने चष्म्यावरून पाहिलं. 'काय गं पुटपुटतेस मघापासून?' मी पोटाकडे बोट दाखवलं. 'नाव? मग मनात काय ठेवतेस, मोठ्याने म्हण. ऐकून बघायला नको?'

मोठ्याने! हिला काय सांगायचं.

२३ जानेवारी

सापडलं. नाव नाही, अक्षर.

खाली एक आजोबा नवी कवळी घालून बसले होते. माप बघायला मला बोलावलं. कवळी नीट बसली की नाही ते पाहायला डॉक्टर माणसाला आकडे म्हणायला लावतात. सहासष्ट, सदुसष्ट. स ला शिट्टी वाजली तर पुढचे दात पुन्हा बसवायचे. आजोबा शिट्ट्या वाजवत होते, डॉक्टर हसू दाबत होते, आणि मी नकळत त्यांच्याबरोबर म्हणायला लागले. सहासष्ट. सदुसष्ट. साठ, सत्तर, सगळं. खोलीत तीन माणसं, मोटर नाही, नळ नाही. एकदाही अडले नाही.

स ला ओठ मिटावे लागत नाहीत. दातांच्या फटीतून वारा जातो तसा तो निघून जातो. जिन्यावरून वर येताना 'सहासष्ट सहासष्ट' करत आले. दाढ म्हणाली, 'हे नाव ठेवणार?'

२६ जानेवारी

सय.

आंघोळ करताना सुचलं. आठवण येते ती सय. स पासून सुरू, मग य — तोही मऊ. संपलं. मध्ये कुठे ठेच लागायला दगडच नाही.

नळ बंद करून म्हटलं. पुन्हा म्हटलं. निघतंय.

२ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून. तो चहा गाळत होता. प्रियंवदा नको, का नको, तेही. वाक्यं अडली की तो सवयीने पुरी करत होता, आणि दर वेळी चुकीची. 'मोठं वाटतं?' नाही. 'जुनं वाटतं?' नाही. शेवटी मी कप आपटला. मग गप्प राहिला आणि मी ते वाक्य शेवटपर्यंत नेलं — मला ते म्हणता येत नाही.

तो प्रेमाने म्हणाला, 'एवढंच ना? हाक मी मारीन. नाहीतर तू लाडाचं काहीतरी ठेव, तुला जमेल ते.'

म्हणजे जगाला एक नाव आणि माझ्यापुरता एक तुकडा! माझ्याच लेकीला मी टोपणनावाने बोलवायचं, कारण तिचं खरं नाव माझ्या तोंडी बसत नाही. आणि तो कामावर असताना? रस्त्यावर? ताप चढल्यावर?

हे सगळं त्याला ऐकवलं. वेळ लागला. चहा निवला. शेवटी म्हटलं, 'आजपासून माझं वाक्य तू पुरं करायचं नाहीस.'

'पण मला बघवत नाही गं, तू अशी अडकलीस की.'

'बघायचं नाही मग. ऐकायचं.'

३ फेब्रुवारी

बाजारात दुकानदाराने विचारलं, 'काय हवं, ताई?' नवरा ओठ आवळून उभा. मी बटाटे मागितले. मिळाले. जरा मऊ पडलेत, पण आणलेत.

१२ फेब्रुवारी

सासूबाईंना सांगायचं राहिलंय. ते सांगायला नवरा तयार होता. मी नको म्हटलं. मुलगी माझी, तोंड माझं.

पण रोज उद्यावर टाकतेय.

१६ फेब्रुवारी

आज बोलले.

त्या मटार सोलत होत्या. मीही समोर बसून हात लावला. सुरुवात 'आई' अशीच करायची ठरवली होती आणि तिथेच अडले. त्यांनी मान वर केली नाही, सोलत राहिल्या. सगळे असंच करतात, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मी थांबले नाही. आई — मला — ताईंचं नाव — म्हणता येत नाही. प ला माझे ओठ उघडत नाहीत. तिला हाक मारता आली पाहिजे मला.

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, झालं.

मग म्हणाल्या, 'म्हणून तू मला हाक मारत नाहीस?'

मला कळेना.

'लग्न होऊन आलीस तेव्हापासून एकदाही आई म्हणून हाक मारली नाहीस. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहतेस. मी म्हणायचे, हिला माझ्याशी बोलायचं नसतं. शिकलेली आहे, कमावती आहे, असेल गुर्मी. तुझ्या नवऱ्यालाही म्हणाले होते.'

गुर्मी. मला! हसू आलं आणि रडूही. इतकी वर्षं मी समजत होते की त्यांना माझी अडचण कळते आणि त्या समजूतदारपणे गप्प राहतात. त्या समजत होत्या की मी नाक वर करून फिरते.

मग नाव सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. तोंड वाकडं केलं. 'दोन अक्षरं? मांजराला बरंय.' पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. टोपली संपत आली तेव्हा आपणहून म्हणाल्या, 'सय तर मला ताईची रोज येते.' आणि उठून टरफलं टाकायला गेल्या.

होकार होता की नाही, विचारलं नाही.

२० मार्च

मुलगी. काळेभोर केस, मुठी आवळलेल्या. सासूबाईंनी पहिल्यांदा हातात घेतली आणि कानाशी म्हणाल्या, 'आलीस का, सय?'

होकार होता.

२९ मार्च

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिते.

जन्मनोंदणीच्या खिडकीवर गेलो. मी पुढे, नवरा बाळाला घेऊन मागे. रांग दारापर्यंत. कारकून बाईंनी मान खाली ठेवूनच विचारलं, 'बाळाचं नाव?'

मी तोंड उघडलं. स् — आणि पुढे काही नाही. माझा भरवशाचा स! वारा दातांशी येऊन थांबला. मागे कुणीतरी खोकलं. बाई म्हणाल्या, 'ठरलं नाही का अजून? ठरलं की या. पुढचे.'

नवऱ्याकडे पाहिलं. त्याने बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं, जबडा आवळलेला. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं. बोलला नाही. मीच सांगितलं होतं ना. रांगेतून बाजूला झालो.

घरी येताना त्याने विचारलं, 'बदलूया का? दुसरं एखादं सोपं?'

सोपं काही नसतं हे मला तिथेच कळलं. महिनाभर अक्षरं निवडत बसले. अक्षरात दोष नव्हता. जे नाव माझ्या जिवाचं होईल ते अडणारच. दगड ठेवलं असतं तरी अडलं असतं, वारा ठेवलं तरी अडलं.

३० मार्च

दिवसभर बाळाकडे बघत बसले. मग प्रियंवदाच का नाही, असंही मनात आलं. अडायचंच आहे तर सासूबाईंचं मन तरी राहील. त्यांना म्हटलंसुद्धा.

'काही नको,' त्या म्हणाल्या. 'मला आता हेच आवडतं. आणि तू माघार घेतलीस हे पोरीला मोठेपणी मी सांगणार नाहीये.'

२ एप्रिल

पुन्हा तीच खिडकी, त्याच बाई. आज नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं.

'नाव?'

मी आधी वेगळंच वाक्य म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा, परक्या माणसाला. 'मी अडखळते. थोडं थांबा.' त्यातही अडखळलेच. बाईंनी पेन खाली ठेवलं.

स्स्स्स् — रांग होती. असू दे. डोळे मिटले नाहीत, पाय आपटला नाही, दुसरा शब्द शोधला नाही. स्स्स्स् — सय.

बाईंनी लिहिलं. 'छोटंसं आहे की,' म्हणाल्या.

छोटं! मला विचारा किती लांब आहे ते.

६ जून

पुन्हा कामावर. दाढेने बाळाचा फोटो बघितला, नाव विचारलं. सांगितलं. अडलं, निघालं. तिने फक्त 'बरं' म्हटलं आणि मेण तापवायला घेतलं. दिवसातून कितीदा तरी सांगावं लागतं. कधी सरळ निघतं, बहुतेकदा नाही. लोक वाट बघतात. काही बघत नाहीत.

१८ ऑगस्ट

संध्याकाळी घरी आले तर आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज — 'स्स्स्स्सय. स्स्स्स्सय.' दारातच थिजले. माझी नक्कल! घरात, माझ्या माघारी, माझ्याच लेकीसमोर.

आत गेले. त्या पालथ्या पडलेल्या पोरीसमोर जमिनीवर बसल्या होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, 'अगं, नुसतं सय म्हटलं तर ढुंकून बघत नाही ही. तुझ्यासारखं म्हटलं तरच वळते. तुझा नवराही आता तसंच म्हणतो.'