पद्मिनीचा करंट कुठे जातो

सोमवार, ६ ऑक्टोबर
आज पुन्हा नाही. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण धरत नाही. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी पहिल्या चावीला सुरू झाली होती. मीच केली होती, नेहमीसारखी जागच्या जागी. मधल्या काळात कोणी हात लावला नाही. मग काय झालं?

फेब्रुवारीत बाबांना अर्धांगाचा झटका आला, डावा हात आणि पाय अधू झाले. तेव्हापासून आमची जुनी पद्मिनी कंपाउंडमध्ये उभी आहे. आता सेक्रेटरींची नोटीस: पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत, बंद गाड्या हटवा. नोटिशीत 'सुचना' ऱ्हस्व लिहिलंय. डोळा तिथेच जातो. दुकानात दिवसभर फ्लेक्सवरची नावं टाईप करायची, एक उकार चुकला की अख्खा बॅनर फुकट.

नोटीस ऐकून बाबा म्हणाले, "दी भंगारात. घरात बंद पडलेला एक आसा, ता पुरे." आई उठून आत गेली. भंगारवाल्याला फोन बाबांनीच केला. रविवारी येतोय.

त्याच्या आत सुरू झाली पाहिजे. बाबा गाडीबद्दल बोलत नव्हते.

मंगळवार, ७ ऑक्टो.
दुकानातून लवकर निघालो. मालकांनी कारण विचारलं नाही, आभार.

पेट्रोल आहे. बॅटरी चार्ज करून आणली. चारही प्लग काढले, ओले निघाले, पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल पोचतंय, पेटत नाही. पॉलिश पेपरने घासले, वाळवले. काढायच्या आधीच प्रत्येक वायरवर नंबर चिकटवले होते, अदलाबदल नको. दुकानातल्या उरलेल्या फ्लेक्सचे तुकडे, छान दिसतात. लावले. नाही.

बाबा टॅक्सी चालवायचे तेव्हापासूनचे त्यांचे मेकॅनिक सलीमचाचा, आता जोगेश्वरीला मुलाच्या गॅरेजात नुसते बसून असतात. त्यांना फोन केला. "प्लगला हात लावायच्या आधी मला फोन करायचा, येड्या," म्हणाले. उद्या येतो म्हणाले. एवढं बरं वाटलं की आईला दोनदा सांगितलं.

बुधवार, ८ ऑक्टो.
स.चा. आले. गुडघे दुखतात तरी दोन बस बदलून. आल्याआल्या खिडकीकडे बघून ओरडले, "ओ शेठ! खाली या, तुमची राणी रुसली!" बाबांनी पडदा ओढून घेतला. "राणी नाय, राजा रुसलाय," चाचा म्हणाले.

करंट बनवणारी कॉइल गेली असणार म्हणून स्वतःकडची आणली होती. बसवली. तेच. चाचांचा चेहरा पडला, मलाच वाईट वाटलं. आईच्या हातचे घावणे खाल्ले तेव्हा हसले. जाताना म्हणाले, "आधी बघ, करंट बनतोय का. बनतोय, तर मधे कुठे तरी चोरी होतेय. अंधार पडला की बघ. चोर उजेडात दिसत नाय."

गुरुवार, ९ ऑक्टो.
सापडलं!! क्रमाने लिहितो.

दिवे लागायच्या वेळी आईला चावीवर बसवलं. ती घाबरून गणपतीचं नाव घेत होती. "फिरवू?" "फिरव." "शॉक लागेल रे तुला!" "आई, फिरव!"

कॉइलची वायर पत्र्याजवळ धरली: ठिणगी निळी, जोरदार. करंट बनतोय. प्लगच्या टोकाला: काहीच नाही. म्हणजे चोर मधे, डिस्ट्रिब्युटरमध्ये. (कॉइलचा करंट चार प्लगना वाटून देतो तो डबा. एवढा शब्द रोज लिहिणार नाही. डि.) वायर जागेवर लावून पुन्हा फिरवायला सांगितलं, तर डि.च्या टोपीवर निळ्या रेषा सरपटताना दिसल्या. एका वायरपासून दुसरीकडे, टोपीवरूनच. प्लगकडे जायच्या ऐवजी.

बोट फिरवलं. चिकट. कडेला मुंग्या. आई म्हणाली, "प्रसादाचं पाणी असेल ते."

कसलं पाणी?

तर असं झालं. दरवर्षी दसऱ्याला गाडीची पूजा बाबा करतात: बॉनेटवर हळदकुंकू, चाकापुढे नारळ. यंदा ते उतरू शकले नाहीत, मी दुकानात (दसऱ्याला बॅनरची गर्दी), म्हणून आईने एकटीने केली. तिचे वडील गिरणीत होते. ते खंडेनवमीला नारळाचं पाणी मागावरच शिंपडायचे. तिने बॉनेट उघडलं आणि फोडलेला नारळ आत ओतला.

"बॉनेटवर शिंपडलं तर पत्र्याला कळणार," आई म्हणाली. "मशीनला कसं कळणार?"

मी चिकट बोट पँटला पुसलं. तिने विचारलं, काय झालं रे? मी म्हटलं, काही नाही, वायर सैल होती. ती म्हणाली, "बघ, मनापासून पूजा केली म्हणून सापडली."

शुक्र., १० ऑक्टो.
टोपी पेट्रोलने धुतली. वर स्वच्छ, पण आत जळून एक काळी रेघ पडलीय, केसाएवढी. करंटला वाट सापडली की तो तीच धरतो, चाचा फोनवर म्हणाले. टोपीच बदलायला हवी. अंधेरीत विचारलं, मालाडला विचारलं, लोक हसतात. एक जण म्हणाला, "म्युझियममध्ये बघ."

रात्री जेवताना चाचांचा फोन. माळ्यावरच्या डब्यात एक मिळाली, जुन्या टॅक्सीची. "पुसून ठेवलीय. सकाळी ये." अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्यांचं चालतं.

शनि., ११ ऑक्टो.
टोपी बसवली. नंबर बघून वायरी लावल्या, पुन्हा काढून पुन्हा बघितल्या. सेल्फ. एकदा खोकली. दुसऱ्यांदा धरली. धरली! आवाज कंपाउंडभर. मला रडू आलं, डोकं बॉनेटखाली घातलं.

वर गेलो. आई देवापुढे होती. बाबा खिडकीशी. हळूच म्हणाले, "नारळाचा पाणी ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"हयसून बघी होतंय. म्हटला सुकात. नाय सुकला."

"मग बोलला का नाहीत? गाडी भंगारात निघाली होती, बाबा."

"काय बोलू? पयल्यांदा एकटीन पूजा केल्यान. हात जोडून किती येळ उभी होती, बघलंस तू? तिका सांगू, गाडी तुया बंद केलंस? त्यापेक्षा भंगार परवडला." मग चांगल्या हाताने माझी कॉलर धरली. "तिका कळता नये."

कळणार नाही. सोमवारपासून ही वही दुकानातल्या खणात ठेवतो.

रवि., १२ ऑक्टो.
भंगारवाला टेम्पो घेऊन आला. मी गाडी सुरू करून ठेवली होती. सेक्रेटरी खाली आले, ऐकून म्हणाले, चालू आहे तर राहू दे. मी आभार मानले, पण बाबा जिन्यातून म्हणाले, "चालू हा, पण चालवणारो खय हा?"

कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. किती महिन्यांनी. आई मागे, हात न लावता.

ते डावीकडे बसले, मला चाकावर बसवलं. माझ्याकडे लायसन्स आहे, पण बाबांशिवाय कधी चालवली नाही. आमच्या गाडीचा गिअर चाकाच्या दांड्यालाच डावीकडे आहे. डावीकडच्या सीटवरून उजवा हात बरोबर पोचतो. "क्लच तुझो, गिअर माझो," बाबा म्हणाले. "दाब." दाबला. त्यांनी टाकला. "सोड. हळू, मेल्या!" धक्के खात बंद पडली. पुन्हा. गॅलरीतून कोणी तरी म्हणालं, "काका, डान्स शिकवताय का?" बाबा हसले. त्यांचं अर्धंच तोंड हसतं आता. पण हसले.

इमारतीला एक पूर्ण फेरी मारली. गेटाशी आलो तर म्हणाले, "भायर घे." रस्त्यावर रिक्षा, डंपर. मी बंद केली.

रागावले नाहीत. भंगारवाला विचारत होता, "काका, मैं क्या करूँ?" बाबा म्हणाले, "पुढच्या आयतवारी ये. तवसर ही गेटाभायर गेली नाय, तर ने." त्याने मान हलवली. आईने त्याला चहा दिला.

चाचांना फोन करून सगळं सांगितलं. म्हणाले, "गेट केवढं आहे रे तुमचं?"

आत्ता खाली जाऊन मोजून आलो. गाडी सरळ काढली तर दोन्ही बाजूंना वीत वीत जागा उरते.