एकशे बारा

सोमवार, ३ तारीख

नवी नोकरी, नवी वही! डोळ्यांच्या दवाखान्याची लॅब म्हणजे जिन्याखालची खोली, पण खिडकी ऐसपैस आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी प्रत्येकाचं रक्त मी तपासायचं, साखर आणि कावीळ. साखर चढलेली असली की ऑपरेशन पुढे ढकलायचं. काविळीचे विषाणू निघाले की फाइलवर लाल चिठ्ठी आणि पेशंट यादीत शेवटचा, म्हणजे तीच अवजारं घेऊन कुणी पुढच्याच्या डोळ्याला हात लावणार नाही. जिने मला लहानाची मोठी केली त्या आत्याचाही मोतीबिंदू पिकलाय. तिला इथेच आणायचं ठरवून टाकलं.

मोठ्या सिस्टरांनी मात्र तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, आधीची बाई कुणाच्या डोक्याला ताप देत नसे.

मंगळवार

ताप कसा देणार! दोन वर्षांचं रजिस्टर चाळलं. झाडून सगळ्यांची साखर ११२, कावीळ निगेटिव्ह. काविळीच्या पट्ट्यांचे खोके सीलबंद. बाईंनी सुई उचललीच नसावी.

मी आजच्या यादीतल्या बाराही जणांचं रक्त काढलं. एका निवृत्त मास्तरांची साखर ३१०. एका शिंपीणबाईंच्या पट्टीवर दोन रेघा, म्हणजे कावीळ. दोन्ही ठळक लिहिलं. लाल चिठ्ठी सापडेना, तेव्हा कागद नेलपॉलिशने रंगवला.

बुधवार

मास्तरांचं ऑपरेशन उरकलं. शिंपीणबाईंचंही, तेही यादीत सगळ्यांत आधी. मी तणतणत सिस्टरांकडे गेले. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. दोघांपुढे साखर ११२, कावीळ निगेटिव्ह. अक्षर माझंच, माझाच तिरका ळ. सिस्टर म्हणाल्या, आधीची बाईही सुरुवातीला असाच कांगावा करायची.

जेवायला बसले तशा बाकीच्या सिस्टर डबे उचलून निघून गेल्या.

शुक्रवार

आज रजिस्टर मांडीवरून खाली ठेवलंच नाही. २९० लिहिलं. पापणी लवली. ११२.

मास्तर बाहेर बाकावर आहेत. डोळ्यात पू झालाय. त्यांना सांगितलंय की रिपोर्ट माझा होता. चांगला डोळा माझ्या दारावर रोखून बसलेत. मला खूप भीती वाटते आहे.

शनिवार

आत्याला फोन केला, येऊ नकोस म्हणून. ती म्हणाली, अगं, आत्ताच तर ये म्हणालीस — माझाच आवाज होता म्हणे.

सोमवार

आत्या आली. यादीत चौथी. रक्त मीच काढलं. ३८०. डॉक्टरांकडे धावले, तोंड उघडलं, आणि तोंडातून —

एकशे बारा.

आत्या हसली. म्हणाली, तू इथे आहेस म्हणून मी निर्धास्त. तिच्या डोळ्यात थेंब घातलेत. तिसरा पेशंट आत आहे.

उरली ही वही. इथे लिहून पान फाडते आणि डॉक्टरांच्या हातात कोंबते. आत्याची साखर ११२ — नाही. खोडलं. ११२. अक्षरांत लिहिते, तीनशे — एकशे बारा. आत्याला थांबवा. आत्याला आत घ्या — हे मी नाही — आत घ्या, साखर एकशे बारा, कावीळ निगेटि