वडावरच्या पाहुण्याला मूठभर ज्वारी

तीर्थरूप अक्कास,

कोल्हापूरहून बापूसोचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात झोप लागते ना? माझी तब्येत ठणठणीत. पत्र लिहायचं कारण, फोनवर डोळ्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं की तू फोन ठेवून देतेस. पत्र काही तुला मध्येच ठेवता येणार नाही, कारण ते तुझी नात वाचणार. (दीपा, आजीजवळ बस आणि मोठ्यानं वाच. एकही ओळ गाळू नकोस.) अक्षर मुद्दाम टपोरं काढलंय, तुझ्या मोतीबिंदूतूनही दिसावं म्हणून.

दाजी गेल्यापासून तुझं एकच पालुपद, बघायचं ते बघून झालं, आता डोळे कशाला हवेत. मला याचा राग येतो, अक्का. वाईटही वाटतं. तेव्हा बघण्यासारखं काय उरलंय ते सांगतो.

मी आता दर रविवारी सकाळी पक्षी बघायला जातो. आमच्या घरामागच्या बागेत वड-पिंपळांची जुनी दाट झाडी आहे. तिथं आम्ही दहा-बाराजण माना वर करून उभे असतो (लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणाचा तरी पतंग अडकलाय). म्होरक्या म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या क्रांतीताई. थंडीत तिथं स्वर्गीय नर्तक नावाचा पाहुणा येतो. अंग पांढरंशुभ्र, डोकं काळं, शेपटी चांगली वीतभर. तीन रविवार सगळे त्याची वाट बघत होते.

चौथ्या रविवारी तो सगळ्यांत आधी मला दिसला. वडाच्या पारंबीत, पांढरी शेपटी खाली सोडून, वाऱ्यावर झुलत होता. आपल्या आईची शिकवण तुला ठाऊकच आहे, पाखराकडं रिकाम्या हातानं जायचं नाही. माझ्या खिशात ज्वारी कायमचीच. मी पुढं झालो आणि मूठभर ज्वारी त्याच्याखाली टाकली. पुढचं विचारू नकोस. बागेतली झाडून सगळी कबुतरं उतरली, मागोमाग कावळे, कावळ्यांमागं कुत्री. बाकीचे सगळे श्वास रोखून मागच्या झाडाकडं बघत होते, तिथला खरा नर्तक भुर्रकन उडाला. माझा मात्र जागचा हलला नाही. मला तर त्याच्या धीराचं कौतुक वाटत होतं. तेवढ्यात माळी पिराजी ओरडला, "पावणं, ती प्लॅस्टिकची पिशवी हाय की! परवाधरनं अडकलीया तितं."

क्रांतीताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काका, नर्तक किडे खातोय. आणि पिशवी तर काईच खात न्हाय." तेव्हापासून फाटकावरच माझे खिसे तपासतात. (बनियनला आतून एक खिसा शिवून घेतलाय. दीपा, हे गाळलंस तरी चालेल.)

पण अक्का, एवढा छळ होऊनही तो पुढच्या रविवारी परत आला. फांदीवरून झेपावला की शेपटी मागून लहरत यायची, लहानपणी तू पळायचीस तेव्हा तुझ्या वेणीची पांढरी रिबीन यायची तशी. मला रडू आलं. हे तू बघायलाच हवंस. निघून ये, मी नंबर लावतो. पाव तासाचं काम, त्यात भ्यायचं काय?

तुझा धाकटा,
बापूसो

ता.क. नर्तक मला दिसलेला नाही. त्या रविवारीही दुर्बिणीत नुसता पांढरा धूर होता. वर लिहिलंय ते क्रांतीताई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या. रिबीन तेवढी माझी. आणि अक्षर टपोरं आहे ते काही तुझ्यासाठी नाही.

आणखी ता.क. डॉक्टर म्हणतात, माझेही मोतीबिंदू पिकलेत. दोनदा नंबर लावला आणि दोनदा दवाखान्याच्या पायरीवरून परत आलो. घरी कुणाला बोललेलो नाही. भीती वाटते गं. मळ्यातल्या विहिरीत तू आधी उडी मारायचीस आणि खालून हाक दिलीस की मगच मी उडी टाकायचो. या खेपेलाही तूच आधी जा. पट्टी निघाली की आतून नुसतं "बाप्या, दिसतंय रे" म्हण. मी दारातच उभा असेन.